मच्छरदाणीतला गोसावी

“...मग दिवेलागणीला दार लावून घेता ते कुणाच्या भीतीनं, बाबा?”

अभयगीराचा प्रश्न पुरा होईपर्यंत चंदनगीर बाबांनी मठाचं दार ओढूनही घेतलं होतं. तो बाहेरच्या ओट्यावर तसाच उभा राहिला.

“डासांच्या,” आतून आवाज आला. “ये आत.”

“मठाचं दार सगळ्यांना उघडं, असं तुम्हीच सांगता.”

“येणाऱ्याला वाजवता येतं की...”

अभयगीर आत गेला नाही.

दीक्षा घेऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. अभय हे नाव बाबांनीच दिलेलं. त्या नावाला जागायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

सातपुड्याच्या पायथ्याचं ते लहानसं गाव. मठासमोर उखाजी पवारांचं घर, घरामागे ओढा. पावसाळ्यात ओढ्याकाठी जागोजाग डबकी साचत आणि सांज झाली की डास उठत. अभयगीर उघड्या अंगानं ओट्यावर आसन घालून बसे. खांद्यावर, कपाळावर, पापण्यांवर डास बसत, रक्त पिऊन फुगत आणि जड होऊन उडून जात.

तो हलत नसे.

आषाढात तापीपलीकडच्या मठातून निरोप आला. बाबांचे गुरुबंधू आजारी होते. बाबांनी झोळी घेतली.

“मठ सांभाळ,” ते म्हणाले. “आणि संध्याकाळी आत बसत जा.”

बाबा गेले. अभयगीर ओट्यावरच बसत राहिला.

हळूहळू गावात बोलबाला झाला. महाराजांच्या अंगावर डासांची झूल पडते, पण महाराज पापणी लववत नाहीत. बाया येता-जाता ओट्याच्या पायरीला हात लावू लागल्या. अभयगीराचे डोळे मिटलेले असत, पण बांगड्यांची किणकिण त्याला ऐकू येई. आणि बरं वाटे.

उखाजींच्या घरी सांजेला कडुलिंबाचा धूर होई आणि दार बंद होई. वर्षानुवर्षांची रीत. एकदा अभयगीर त्यांना म्हणाला, “उखाजी, कशाला त्या जिवांना हुसकता? तेही पोटासाठीच येतात ना?”

उखाजींनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून धूर बंद झाला.

दारही उघडं राहू लागलं. त्यांची सून मंजुळा पोटुशी होती, सहावा लागला होता. तिला उठबस जड जाई. अंथरुणावरूनच तिला महाराजांचं दर्शन घडावं, म्हणून दार सताड उघडं.

श्रावणात अभयगीराला हुडहुडी भरली.

उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. बोट टोचून रक्त घेतलं, मलेरिया सांगितला, गोळ्या दिल्या. “सगळ्या संपवायच्या, महाराज. मध्येच सोडायच्या नाहीत.”

“देहाचे भोग देहानं भोगावेत, बाई,” अभयगीर म्हणाला. गोळ्या त्यानं कोनाड्यात ठेवून दिल्या.

ताप एक दिवसाआड येई. त्याचे दात वाजत, बरगड्या मोजता येतील इतका तो वाळला. तरी सांजेला ओट्यावर आसन मांडलेलं असेच. आता लोक पायरीला नुसता हात लावत नसत, डोकं टेकत.

भाद्रपद सरता सरता बाबा परत आले.

ते आधी मठात गेले नाहीत. उखाजींच्या दारात गाडी उभी होती, तिथेच थांबले. गोधडीत गुंडाळलेल्या मंजुळाला दोघी-तिघी धरून गाडीत बसवत होत्या. ती थडथडा कापत होती.

“तालुक्याला नेतोय, बाबा,” उखाजी तिची गोधडी सावरत म्हणाले. “मलेरिया म्हणतात. नर्सबाई म्हणाल्या, पोटातल्या जिवालाही धोका आहे...”

गाडी गेली.

बाबा रिकाम्या घरात शिरले. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. कुडाचं लिंपण गळून भेगा पडल्या होत्या. कोपऱ्यात जळणाचा ढीग, त्याला लागून बैलांची दावण, दावणीशेजारी मंजुळाचं अंथरूण. बाबा त्या अंथरुणावर जाऊन बसले आणि दाराकडे पाहिलं.

समोर, सरळ रेषेत, मठाचा ओटा होता. ओट्यावर अभयगीर.

बाबा नर्सबाईंकडे गेले आणि मच्छरदाणी मागून आणली. अभयगीराला वाटलं, बाबा किती दूरचं पाहतात, मंजुळा परत येईल तेव्हासाठी ही तजवीज.

बाबांनी मठात चार खुंट्यांना चार दोऱ्या बांधल्या. खाली अभयगीराची चटई होती.

“बस आत.”

“मी?” अभयगीर हसला. “मला डासांचं भय नाही, बाबा.”

“ठाऊक आहे.”

“मग मला कशाला लपवता त्यांच्यापासून?”

बाबांनी शेवटची गाठ आवळली.

“तुला त्यांच्यापासून नाही रे. त्यांना तुझ्यापासून लपवतोय.”

अभयगीराला कळलं नाही.

“तुला चावून डास उडतो,” बाबा म्हणाले. “तो कुठे जातो, कधी पाहिलंस?”

अभयगीरानं ओट्यापलीकडे पाहिलं. उखाजींचं दार अजून उघडंच होतं.



“म्हणजे मंजुळाताईंना... माझ्यामुळे?”

“असेल. नसेलही. डासाला कोण विचारणार?”

बाबांनी कोनाड्यातल्या गोळ्या काढल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला. रागावले नाहीत. तळहातावर गोळ्या घेऊन उभे राहिले, अगदी आजारी लेकरापुढे बाप राहतो तसे. अभयगीरानं त्या हाताकडे पाहिलं. चालून चालून बाबांचे पाय फुटले होते, अजून त्यांनी पाणीसुद्धा प्यायलेलं नव्हतं.

त्यानं गोळ्या घेतल्या आणि वाकून मच्छरदाणीत शिरला. बाबांनी तिची कड चटईखाली नीट खोचली.

सांजेला लोक दर्शनाला आले. ओटा रिकामा. महाराज आत, जाळीच्या मागे.

कुणीतरी फिसकन हसलं. “अरे, महाराज भ्याले की!”

अभयगीराचे कान तापले. डोळे मिटून घ्यावेत, असं फार वाटलं. पण त्यानं ते उघडे ठेवले.

“भ्यालो,” तो जाळीतून म्हणाला. “तुम्हीही भ्या. मी सांगितलं ते चुकीचं होतं. जा, दारं लावा. उखाजी आले की त्यांनाही सांगा, धूर करायला लागा.”

लोक गेले. बाबा चुलीपाशी भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण थापण्याचा आवाज क्षणभर थांबला होता.

पुढचे दिवस बाबा उखाजींच्या घरीच राबले. बैलांना वेगळं छप्पर घातलं, जळण बाहेर हलवलं, डबक्यांतून चर काढून पाणी ओढ्याला सोडलं. गोळ्या संपल्या, नर्सबाईंनी रक्त पुन्हा तपासून बरा झाल्याचं सांगितलं, तसा अभयगीरही त्यांच्या हाताखाली गेला. पाय लटपटत होते तरी गेला.

मंजुळा घरी आली ती आपल्या पायांनी. दारात चिखल कालवत बसलेल्या अभयगीराला पाहून ती थबकली. तिनं पदर सावरला.

“महाराज, बाळ लाथा मारतंय,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघं ठीक आहेत.”

अभयगीरानं दोन्ही चिखलाचे हात जोडले.

मग तो दिवसभर भिंत लिंपत राहिला. वरची फट बुजवली, कुडाच्या भेगा बुजवल्या, दाराच्या चौकटीशी बसून बोटांनी एकेक चीर चाचपली. आज पायरीला डोकं टेकायला कुणी आलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. उन्हं कलली तेव्हा तो मागे सरकून भिंतीकडे पाहू लागला आणि त्याचा चेहरा उतरला.

“बाबा, हे संपतच नाही. एक भेग बुजवली की शेजारी दुसरी दिसते. ती बुजवली की तिसरी... आधी या कुठे होत्या?”

बाबा उठले. हात चिखलानं भरले होते, म्हणून त्यांनी मनगटाची मागची बाजू अभयगीराच्या कपाळाला लावली. थोडा वेळ तशीच ठेवली.

“आता खरा उतरला रे,” ते म्हणाले, “तुझा ताप.”