कोरी पाठ

"…पण वस्ताद, दर महिन्याला पैसे भरायचे आणि शेवटी हातात काय राहतं?"

हिंदुराव वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली माती कुदळीनं उकरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. सकाळी माती वरखाली करायची, तिच्यात ताक आणि हळद कालवायची, हे काम ते तालमीत दुसऱ्या कुणाला देत नसत.

रणधीर हौद्याच्या काठावर बसला होता. कोल्हापुरात राहून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा, अंगानं चांगला भरलेला. रोज तालमीत येई, जोर मारी, बैठका मारी, आरशात पाही आणि घरी जाई. मातीत मात्र उतरत नसे. कपडे खराब होतात म्हणे. लंगोटाचं आणखी काय खराब होणार, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"कसले पैसे?" वस्ताद म्हणाले.

रणधीरनं सांगितलं. त्याच्या घरी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. पोरासोरांचा नव्हे. खऱ्यासारखं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, वळणावर हाताला झटके बसत. इतके दिवस तो कॉम्प्युटरनंच चालवलेल्या गाड्यांशी खेळत होता. आता नवा खेळ घेतला होता, त्यात जगभरची खरी माणसं एका वेळी शर्यतीत उतरत. त्याला महिन्याची वर्गणी होती. पहिला महिना फुकट मिळाला होता, तो आज संपत होता.

"गाडी वेगळी विकत घ्यायची, ट्रॅक वेगळा. आणि वर्गणी थांबवली की विकत घेतलेलंही बंद. म्हणजे आपलं असं काहीच नाही. ही लूटच झाली की."

"मग बंद कर."

रणधीरला हेच उत्तर हवं होतं. पण मिळालं तसा त्याचा चेहरा पडला.

"करतोच बंद," तो म्हणाला.

उठला मात्र नाही.

वस्तादांनी कुदळ टेकवली. "जुन्या खेळात कितवा येतोस?"

"पहिला."

"कायम?"

"कायम. माझ्या पाठीला अजून माती लागलेली नाही, वस्ताद." कधीच चीत न झालेला पैलवान हे छाती फुगवून सांगतो. ऐकून ऐकून ते याच्याही तोंडी बसलं होतं.

"आन ह्या नव्यात?"

"तिथं लोक दिवसरात्र खेळतात, वस्ताद. एक तर फिनलंडचा आहे, तो…"

"कितवा?"

"…शेवटून दुसरा."

"दुसरा नंबर काय वाईट हाय?"

जोर मारणारे गडी मध्येच थांबून हसले. रणधीर हसला नाही. खेळ घेतला तेव्हा त्यानं दोस्तांपुढं मोठ्या गप्पा मारल्या होत्या, आणि ते आता रोज निकाल विचारत. ते त्याला फार लागलं होतं. वर्गणी महाग आहे म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.

वस्तादांनी हौद्याकडे बोट केलं.

"उतर."

"कुठं?"

"मातीत. कुस्ती हाय तुझी."

"कुणाशी?"

"कुणाशीच न्हाई. उतर. फुकट हाय."

वस्तादांचा शब्द तालमीत कुणी मोडत नाही. रणधीर उतरला. मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला, तो तेवढा झकास वाजला. मग वाकून मूठभर माती उचलली आणि तिथंच अडला. कुस्तीआधी माती समोरच्याच्या अंगाला लावायची असते, पकड निसटू नये म्हणून. समोरचाही ती उलट याच्या अंगाला लावतो.

"ही कुणाला लावू, वस्ताद?"

"बघ बाबा. तुझी कुस्ती."

त्यानं माती खाली सोडली. मग हवेला धरलं. हवेची मान दाबली, हवेच्या पायात पाय घातला आणि तिला अशी काही उचलून आपटली की तोच तोंडावर पडता पडता वाचला. गडी पोट धरून हसत होते. एक जण तर हसता हसता खाली बसला.

"निकाली!" वस्तादांनी टाळी वाजवली. आपला फेटा काढून रणधीरच्या डोक्याला बांधला, तुराही नीट केला. "पैलवान रणधीर जिंकले. कायम जिंकत्यात."

आता रणधीरलाही हसू आवरेना. हसतच तो पाण्याच्या टाकीकडे निघाला.

"कुठं?"

"अंघोळीला."

वस्तादांनी त्याला खांद्याला धरून पाठमोरा केला. पाठीवरून बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. बोट स्वच्छ होतं.

"अंघोळ कशापायी? तुला काय लागलंय?"

रणधीरनं डोक्यावरचा फेटा हळूच उतरवला.

"पण वस्ताद, पैसे…"

"तालमीची फी भरतोस?"

"भरतो."

"मग माती घरी नेतोस?"

"नाही. अंगाला लागलेलीसुद्धा इथंच धुऊन जातात सगळे."

"लूटच की मग," वस्ताद म्हणाले आणि पुन्हा कुदळ उचलली.

दुसऱ्या दिवशी रणधीर तालमीत आला तो जवळजवळ पळतच. डोळे तारवटलेले, तोंडावर हसू. शर्ट काढता काढताच सांगू लागला.

"भरली वर्गणी, वस्ताद."

"मग? कितवा?"

"शेवटून पहिला."

गडी खदखदले. या वेळी तोही त्यांच्यात होता.

"एक नागपूरचा होता. बाकीचे कधीच पुढं निघून गेले, मागं राहिलो आम्ही दोघं. शेवटचा कोण, एवढ्यासाठी अख्खी शर्यत भांडलो. तो आतून घुसायचा, मी बाहेरून काढायचो. पुन्हा तो, पुन्हा मी. शेवटच्या वळणावर मागं टाकलंच त्यानं मला." तो दम घ्यायला थांबला. "इतकी मजा मला कधीच आली नव्हती, वस्ताद. आणि दोस्तांनी निकाल विचारायच्या आधी मीच त्यांना सांगितला."

"आन तो नागपूरवाला?"

"त्यानं लिहिलं, 'उद्या येतो का बे?'"

"तू काय लिहिलंस?"

"येतो म्हटलं."

वस्तादांनी वाकून हौद्यातली ओंजळभर माती घेतली. रणधीरला पाठमोरा केला, ती त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये थापली आणि चांगली चोळली. ताकाचा आंबूस वास सुटला. रणधीर मान खाली घालून हसत उभा होता.

"जा," वस्ताद म्हणाले. "आता अंघोळ कर."