दस्तगीरची जाळी

नदीकाठच्या एका शहरात दस्तगीर नावाचा शिकलगार राहत होता. शस्त्रक्रियेची हत्यारे घडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या शहरात पुष्कळांच्या पित्ताच्या नळीत खडे अडकत. ते काढायला डॉक्टर पेंढरकर वीतभर पोट फाडत. रोगी महिना महिना अंथरुणावर पडून राहत. काही उठतच नसत.

दस्तगीरने तीन वर्षे खपून केसासारख्या तारांची इवलीशी जाळी केली. बोटभर छिद्रातून ती मिटून आत जाई, नळीत उघडे आणि खडा धरून बाहेर येई. खाटकाकडून बोकडाचे काळीज नळीसकट आणून तो तिच्यात खडे घाली आणि जाळी पारखी. मऊ खडे झटक्यात निघत. कठीण खड्यावर मात्र कधीकधी तार तुटे.

"साहेब, तार अजून दमाची नाही. सहा महिने थांबा," तो डॉक्टरांना म्हणाला.

"तोवर दुसरा कोणीतरी करून दाखवील. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची सभा आहे. भर सभेत तुझं नाव घेणार आहे मी, दस्तगीर."

आजवर त्याचे नाव कुठल्याच सभेत कोणी घेतले नव्हते. त्याने जाळी पुसली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

पहिली रोगी होती टोपल्या विणणारी तानूबाई. तिने दस्तगीरलाच विचारले, "दादा, हे तुम्ही केलंय ना? भरवशाचं आहे ना?"

"आहे, बाई," दस्तगीर म्हणाला.

तिचा खडा कठीण निघाला. तार आत तुटली, नळी फाटली. शेवटी पोट फाडावेच लागले. नवव्या दिवशी तानूबाई गेली.

डॉक्टरांनी भर सभेत दस्तगीरचे नाव घेतले. "अवजार कच्चं होतं. या माणसानं मला फसवलं."

दस्तगीर मागे उभा होता. 'मी थांबा म्हटलं होतं' हे शब्द त्याच्या ओठांवर आले. पण तानूबाईला दिलेले उत्तर त्याला आठवले.

पुढे त्याला पक्की तार सापडली. तिने बोकडाच्या नळीतून शंभर कठीण खडे काढले, एकदाही ती तुटली नाही. नवी जाळी घेऊन तो दवाखान्यात गेला. काविळीने पिवळी पडलेली एक म्हातारी ती पाहताच मागे सरकली.

"ते जाळीचं नको, बाबा. त्यानं तानू मेली. माझं आपलं पोटच फाडा."

डॉक्टरांनी फाडले. म्हातारी पुन्हा उठली नाही.

तात्पर्य: कच्च्या कामाला पक्के म्हटले की एक जीव जातो, पुढे ते पक्के झाल्यावर जे वाचायचे, तेही जातात.