शाकारणी

एकदा एका बंदराच्या गावात अप्पाशेट नावाचे वयोवृद्ध पेढीवाले राहत. घरे तारण घेऊन लोकांचा पैसा कर्जाऊ लावून देणे हा त्यांचा व्यवसाय. वामन नावाचा तरुण त्यांच्याकडे आला. वडिलांच्या पश्चात विकलेल्या नारळीच्या बागेचे पैसे त्याच्या पदरात होते. आईच्या म्हातारपणाला तेवढाच आधार.

“शेट, मला काही करायचं नाही. चांगलं घर तारण घ्या, पैसे लावा. मी पडवीत बसून व्याज खाईन.”

“बस की! कोण नको म्हणतं?” अप्पाशेट हसले. “पण मग आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं झालं तर रडत येऊ नकोस.”

त्यांनी ते पैसे केशव कासाराच्या घरावर लावून दिले. घर कर्जाच्या दुप्पट मोलाचे. वर्ष सुखात गेले. पुढे बाजारात स्टीलची भांडी आली, पितळेला कोणी विचारेना, आणि व्याज थकले. वामनची झोप उडाली. तरी तो मनाला समजावी, की बुडणार काय? घर तर आहेच ना!

वैशाखात एके दिवशी अप्पाशेट त्याला गावातून फिरवायला घेऊन गेले. पावसाआधीची शाकारणी सुरू होती. घरोघरी छपरांवर माणसे चढलेली, जुनी कौले उतरत होती, फुटकी वेगळी होत होती, खालून बायका चहासाठी हाका मारत होत्या. एक केशवचे छप्पर तेवढे सुने होते.

अप्पाशेट तिथे क्षणभर थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी केशवच्या दारी गाडीभर कौले आणि एक गडी पाठवला. खर्च वामनच्या नावे मांडला.

वामन संतापून पेढीत शिरला. “हा दुष्काळात तेरावा महिना! व्याज बुडवणाऱ्याला वर कौलं? माझ्या आईचं म्हातारपण त्यात अडकलंय, शेट!”

“म्हणूनच,” अप्पाशेट म्हणाले. “चल.”

दोघे गेले तेव्हा गडी छपरावर होता. केशव अंगणात खाली मान घालून बसला होता. मग त्याची नजर वर गेली.

“अरे ए! पागोळीकडचं कौल उलटं लावतोयस. देवघर गळेल ना माझं! उतर खाली!” असे ओरडत तो स्वतःच शिडीवर चढला. त्याच्या बायकोने दारातच डोळ्यांना पदर लावला.

“बघ, आता तुझे पैसे सुरक्षित झाले,” अप्पाशेट हळूच म्हणाले. “बाळा, भिंती म्हणजे तारण नव्हे. घर आपलंच राहावं ही त्या माणसाची ओढ, तेच खरं तारण. शाकारणी सोडली त्या दिवशी त्यानं मनातून घर तुला देऊन टाकलं होतं. पावसाळ्यानंतर तुझ्या हाती नुसता चिखल आला असता.”

केशवने पुढे स्टीलचीच भांडी विकायला घेतली. सारे कर्ज फिटायला वर्षे लागली, पण फिटले. वामनच्या आईला शेवटपर्यंत कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

आता वामनही म्हातारा झाला आहे. गावात स्लॅबची घरे झाली. वैशाख येतो, पण कौलांचा तो खडखडाट कुठेच ऐकू येत नाही, आणि तो नाही म्हणून म्हाताऱ्याच्या जिवाला फार चुटपुट लागते. अप्पाशेटना जाऊनही किती काळ लोटला!

अजूनही पैसे लावण्याआधी तो काठी टेकत तारणाचे घर बघायला जातोच. परवा एक दलाल वैतागला. “आजोबा, कागद चोख आहेत. या उन्हात तिथं जाऊन बघणार तरी काय?”

“कागद पाहिले रे,” वामन चपला घालत म्हणाला. “त्या घरात एवढ्यात कुणी एखादा खिळा ठोकलाय का, ते बघून येतो.”