उन्हात धरलेलं भांडं

फार जुनी गोष्ट. तेव्हा घड्याळं नव्हती, तरी लोकांना घाई मात्र आत्ताइतकीच होती.

एका गावात नदीवर बंधारा होता. सूर्योदयाला त्याचं दार उघडे, मावळतीला बंद होई. तेवढ्या वेळात पाटाचं पाणी एकेका शेताला पाळीपाळीने मिळे. पाळी मोजायला तळाशी भोक असलेलं तांब्याचं भांडं होतं. ते घंगाळातल्या पाण्यावर तरंगत ठेवायचं. भरून बुडालं की पाळी संपली.

पाणी वाटणारा म्हातारा पाटकरी इतका सचोटीचा, की भांडं तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. बंधाऱ्यालगतच्या पहिल्या शेताचा मालक ते रात्री आपल्या खोपीत ठेवी, सकाळी घासूनपुसून हातात देई, आणि आपली पाळी झाली की पुन्हा धुऊन देई. केवढा सेवाभावी माणूस, नाही का?

त्या वर्षी शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचेना. तिथे एका विधवेने मिरची लावली होती. रोपं माना टाकू लागली. गावात कुजबुज सुरू झाली, "म्हाताऱ्यानं कुणाकडनं तरी खाल्लं असंल." ते कानावर आल्यापासून पाटकऱ्याला अन्न गोड लागेना.

पाटील म्हणाले, "उद्यापासनं हरेक पाळीआधी भांडं समद्यांदेखत तपासायचं."

पाटकरी भडकला. "तीस वरसं झाली मला! आता माझी झडती घेणार व्हय?"

मिरचीवाली बाई म्हणाली, "तात्या, झडती भांड्याची हाय. न्हाई घेतली, तर लोक तुमचंच नाव घेत्याल."

सकाळी पहिल्या शेताच्या मालकाने भांडं पुढे केलं. पाटलांनी ते थेट त्याच्या हातून घेतलं आणि उन्हात धरलं. भोकातून मोहरीएवढा उजेड दिसायला हवा होता, दिसला खसखशीएवढा. कडेला मेण लावलेलं होतं. भांडं सावकाश बुडायचं आणि पहिल्या शेताची पाळी लांबायची; मग धुताना मेण निघायचं, आणि गेलेला वेळ मावळतीला शेवटच्या शेताच्या पाळीतून कापला जायचा.

तो मान खाली घालून म्हणाला, "कुणी कधी बघतच न्हवतं. पयल्या दिवशी भ्या वाटलं, मग सवय झाली."

त्या हंगामात त्याची निम्मी पाळी बाईच्या मिरचीला मिळाली. भांडंही तिच्याच घरी राहू लागलं, कारण माप चुकलं तर पहिली झळ तिलाच लागणार होती. आणि पाटकऱ्याला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आता तोच रोज भांडं उन्हात धरून हाका मारी, "या, बघा! नीट बघा!"

ज्याचं माप चारचौघांत तपासलं जातं, त्याचीच अब्रू चारचौघांत टिकते.