भांडणाच्या मातीचं घर

एका गावात एक वाद राहत होता. त्याला राहायला वडाचा पार होता, सावली होती, वर पानसुपारी होती. त्याच गावात येसाक्काही राहायची, पण तिला यातलं काहीच नव्हतं. गेल्या पुरात तिचं घर वाहून गेलं, दगडी पाया तेवढा उरला, आणि ती देवळाच्या ओवरीत एका म्हाताऱ्या विणकराच्या शेजारी येऊन पडली.

वाद असा, की गावात बेघर माणसं वाढतात ती कुणाच्या विचारानं? तांबड्या फेट्याचे अण्णा म्हणत, "घर गावानं बांधून द्यावं." पिवळ्या फेट्याचे आप्पा म्हणत, "ज्याचं त्यानं बांधावं. फुकट दिलं की माणूस आळसावतो."

"आमच्या कारभारात एक माणूस उघड्यावर नव्हता!" अण्णा पाय आपटत.

"कसा असेल? सगळे गाव सोडून पळाले होते!" आप्पा दुप्पट जोरानं आपटत. मागचे फेटेवालेही आपटत. आपटून आपटून पाराच्या दगडांना खळगे पडले होते आणि त्यांत चिमण्या आंघोळ करत. खोटं वाटत असेल तर चिमण्यांना विचारा.

एके दिवशी बांगड्या विकणारा कासार निरोप घेऊन आला, की येसाक्काची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आहे. माहेर म्हणजे काय, तर ओवरीतलं एक घोंगडं! येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत पोरीला बाळंत करायची? येसाक्का तडक पारावर गेली.

"अण्णा, आप्पा, लेक येतेय. चार भिंती हव्यात."

"देऊ की," अण्णा म्हणाले, "पण आधी हे ठरू दे, तू बेघर झालीस कुणाच्या कारभारात?"

"नदीच्या."

"बरं, मग नदी कुणाच्या बाजूची?" आप्पांनी विचारलं, आणि त्यावर संध्याकाळपर्यंत पाय आपटले गेले.

येसाक्का त्या पायांकडे बघत राहिली. भिंतीची माती तुडवायला पाय लागतात, आणि इथं एवढे धट्टेकट्टे पाय दगडावर वाया चाललेत!

तिनं आपल्या जुन्या जागेवर माती खणली, गवताची काडी कालवली, वर पाणी ओतलं. "घर नेलंस, पाणी तरी दे बाई," असं नदीला सुनावलंही. मग अण्णांच्या कानात सांगितलं, "आप्पा म्हणतात, बेघराच्या जागेवर उभं राहून बोलायची तांबड्यांची छाती नाही." आप्पांच्या कानात तेच, फेट्याचा रंग बदलून.

सकाळी अख्खा वाद तिच्या जागेवर हजर! चपला काढून दोन्ही बाजू चिखलात उतरल्या आणि असे पाय आपटले, असे आपटले, की माती पुरणासारखी मऊ झाली. मग तोंडं थकली, हात शिवशिवले. अण्णांनी चिखलाचा गोळा उचलून आप्पांवर नेम धरला.

"थांबा, त्यांचा फेटा खराब होईल," येसाक्का मध्ये आली. "राग इथं आपटा." तिनं पाया दाखवला.

अण्णांनी गोळा त्या दगडी पायावर आपटला. आप्पा मागे राहतात होय? त्यांनी दोन आपटले.

काही दिवस भांडण असं रंगलं. एका दुपारी अण्णांनी गोळा उचलला, तर समोर आप्पा दिसेनात. मध्ये भिंत उभी!

"अहो आप्पा, आहात ना?" अण्णांनी काळजीनं विचारलं.

"आहे, आहे. तुमचा कोपरा वाकडा चाललाय, सावरा जरा."

छपरासाठी मग कुणाला चिथवावं लागलं नाही.

लेक आली, सुखरूप बाळंत झाली. अंगणात फेटेवाले जमले. तांबडा कुठला, पिवळा कुठला, चिखलामुळे ओळखू येईना.

"हे घर आमच्या विचारानं झालं!"

"छट्, आमच्या!"

पाय वर उचललेच होते, तोच येसाक्कानं दारातून डोकं बाहेर काढलं. "हळू! बाळ आत्ता निजलंय."

उचललेले पाय अलगद खाली आले. दोन्ही बाजू कुजबुजत भांडू लागल्या.

"आणि भांडायचंच असेल," येसाक्का म्हणाली, "तर ओवरीत तो विणकरबाबा अजून पडलाय. त्याच्या मोडलेल्या घराच्या जागेवर जा. माती मी कालच भिजवून ठेवलीय."

तात्पर्य काढायचंच तर एवढं: बेघराविषयी वाद खुशाल घालावा, पण त्याच्या चिखलात पाय घालून घालावा.