राजाचा रस्ता आणि जांभळं फूल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बरं का. एका राज्याच्या टोकाला मोठं वाळवंट होतं. वाळू, दगड आणि ऊन, बस्स! पण चार-सहा वर्षांतून एकदा तिथे पाऊस शिंपडून जायचा आणि पंधरा दिवसांत ती रखरखीत वाळू फुलून यायची. पिवळी, पांढरी, जांभळी फुलं! आठवडाभर राहायची नि सुकून जायची.

कडेच्या गावातली माणसं ती बघायला अनवाणी जायची. पुढे एक म्हातारी वाट दाखवायची आणि मागचा प्रत्येक जण तिच्याच पावलांत पाऊल टाकायचा. शंभर माणसं गेली तरी वाळूत ठसे एकाच माणसाचे!

त्या राज्याच्या राणीची नजर दिवसेंदिवस मंदावत होती. वैद्य म्हणाले, "वर्षभरात काहीच दिसेनासं होईल." राणी राजाला म्हणाली, "मला एकदा ती फुलं बघायची आहेत. मग डोळे गेले तरी चालतील."

नशीब बघा, त्याच वर्षी पाऊस पडला. राजाचा राणीवर भारी जीव. त्याने लगेच पाचशे माणसं कामाला लावली. दगड उचला, वाळू चोपा, वाळवंटाच्या मधोमध सपाट रस्ता करा! राणीच्या पालखीला धक्का लागता कामा नये.

म्हातारी धावत आली. "महाराज, वाळूत बी आहे हो! माणसं तुडवतील ते. राणीसाहेबांना माझ्यामागून चालू द्या."

"राणीने अनवाणी चालायचं? आजी, भलतंच काय बोलता!" राजाच तो, त्याला कोण समजावणार?

पंधरा दिवसांनी पालखी निघाली. पुढे वाजंत्री, मागे लवाजमा. रस्ता कसा लख्ख! पण त्याच्या दोन्ही बाजूंना, पाचशे माणसं जिथवर वावरली होती तिथवर, एक पानसुद्धा उगवलं नव्हतं. फुलं होती पार लांब. राणीने पडदा सारून डोळे ताणले. तिला नुसतं पिवळट धुकं दिसलं.

"हेच का ते?" तिने विचारलं. राजाचं तोंड उतरलं.

म्हातारी पुढे झाली. "राणीसाहेब, खाली उतरता का? माझ्या पावलांत पाऊल टाका."

राणीने जोडे काढले. दोघी हळूहळू फुलांपाशी गेल्या. राणी गुडघ्यांवर बसली, अगदी नाक टेकेल इतकी वाकली. आणि अहाहा! ज्वारीच्या दाण्याएवढं जांभळं फूल. पाच पाकळ्या, प्रत्येकीवर बारीक रेघ, मध्ये पिवळा ठिपका आणि त्यावर एक इवलासा किडा.

"अगं बाई, हा तर जेवायला बसलाय!" राणी खळखळून हसली.

ते हसू ऐकून राजानेही जोडे काढले आणि त्याच ठशांत पाय टाकत तो आला, वाकला. त्याचे डोळे चांगले धडधाकट होते, पण एवढं सुंदर त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

वर्षभरात राणीची नजर गेली. पण ते फूल ती राजाच्या तळहातावर बोटाने काढून दाखवायची, पाचही पाकळ्या, रेघांसकट.

पुढे वाळवंट पुन्हा फुललं. मधला एक पट्टा तेवढा उजाडच राहिला. रांगेत सगळ्यांच्या शेवटी राणीचा हात धरून अनवाणी चालणारा राजा, कुणी विचारलं की स्वतःच सांगायचा, "तो माझा रस्ता."

म्हणून सांगतो, सुंदर काही बघायचं असेल तर वाट मोठी करू नये, आपण लहान व्हावं.