जनरेटरच्या चपला

विजेचे खांब गावात आले होते, पण वादळ दिसलं की आडवे व्हायचे, त्या काळची गोष्ट.

वासंतीकाकूंकडे एक जनरेटर होता. लाईट गेली की तो घरापासून लांब, अंगणाच्या टोकाला पत्र्याखाली धडधडायचा. खिडकीतून आत जायची ती फक्त त्याची वायर. आत त्याच्या उजेडात जेवणं व्हायची, हसणं ऐकू यायचं, आणि इकडे याचा जीव तुटायचा.

एकदा त्याने उंबऱ्याला हाक मारली, "दादा, उजेड माझा, मग मीच बाहेर का?"

"इथे सगळे चपला बाहेर काढून येतात," उंबरा म्हणाला. "तू तुझा धूर बाहेर काढून ये."

पुढच्या वादळात पत्राच उडाला. "भिजेल बिचारा," म्हणत काकूंनी त्याला पडवीत ओढून घेतलं, दारं-खिडक्या लावल्या आणि सुरू केलं. जनरेटर हरखून गेला. काकूंची नात मुक्ता चक्क त्याच्या शेजारी ताट घेऊन बसली! पण जेवण अर्ध्यावर आलं तशी ती भिंतीला टेकली. "आजी, गरगरतंय गं." काकूंनाही उठवेना.

जनरेटरला उंबऱ्याचं बोलणं आठवलं. त्याने श्वास कोंडला आणि स्वतःला बंद पाडलं. अंधारात काकूंनी कशीबशी कडी काढली आणि नातीला भर पावसात अंगणात नेलं. मोकळ्या हवेत मुक्ताने डोळे उघडले.

आता तो पुन्हा अंगणाच्या टोकाला, नव्या पत्र्याखाली असतो. खिडकीतला पिवळा चौकोन बघत धडधडतो. एकदा उंबऱ्यानेच विचारलं, "काय रे, आत यावंसं नाही वाटत?"

"वाटतं की," तो म्हणाला. "पण माझ्या चपला निघत नाहीत, दादा."